मार्लिस मतं मागते

ऑक्टोबरात कापलेल्या गव्हाच्या खुंटांवरून वारा येतो,
कॅनडापासून इथवर त्याला अडवणारं कुणी नाही.
मी पिकअपचं इंजिन चालू ठेवतो, हीटरसाठी.
मार्लिस उतरते, हातात पत्रकं:
ट्वेटन. काउंटी कॉरोनर. पुन्हा एकदा.

ते 'पुन्हा एकदा' छापखान्यातल्या पोराचं डोकं.
मी म्हटलं, अगं, कॉरोनर
पुन्हा एकदा कुणाला हवी असते?
पण पाचशे छापून झाली होती.

दार उघडतं
आणि मी काचेतून तो चेहरा बघतो.
बारा वर्षं बघतोय.
आधी रंग उतरतो.
मग नजर तिच्या खांद्यावरून मागे,
शेरीफची गाडी आलीय का म्हणून.
मग मनातल्या मनात मोजणी:
धाकटा शाळेत, नवरा धान्याच्या कोठारावर,
थोरली बिलिंग्जच्या रस्त्यावर, आता कुठवर पोचली असेल...
आणि मार्लिस घाईघाईनं म्हणते,
"काही झालेलं नाही. मी फक्त मतासाठी आलेय."

हेच तिचं भाषण. एवढंच.
उमेदवार म्हणे!
पण याहून मोठी उमेद
कुणी कुणाच्या दारात नेऊन दिलीय?

तिच्या पाट्या अंगणात कुणी लावून घेत नाही.
शेरीफची लावतात, खजिनदाराचीही लावतात,
रस्ते खात्यावरच्या त्या बडबड्या गॅलनचीसुद्धा.
"तुझ्याबद्दल काही नाही गं," म्हणतात,
"पण खिडकीतून रोज ते दिसणार."
चाळीस पाट्या आमच्या गॅरेजमध्ये पडून आहेत.
मांजर व्यालं त्यांच्यावर.

माजी सैनिकांच्या हॉलमध्ये सभा झाली.
खुर्च्या अठ्ठावीस, माणसं अकरा,
त्यातली दोन कॉफीसाठी आलेली.
समोर ब्रेडी कूल्टर, वय सव्वीस,
काकाच्या फ्युनरल होममध्ये कामाला, दात सुरेख.
म्हणाला, माझ्याकडे नव्या कल्पना आहेत.
मागून म्हातारा ओडेगार्ड ओरडला,
"मरणात आता नवीन काय काढलंस, बाबा?"
लोक हसले.
पोरगा लाल झाला, तरी बोलत राहिला:
आपल्याकडे शीतपेटी नाही,
नव्वद मैल न्यावं लागतं माणसाला,
उन्हाळ्यातसुद्धा, त्या जुन्या व्हॅनमधून.
मार्लिसनं माइक ओढून घेतला. म्हणाली,
"बरोबर बोलतोय हा.
तीन वर्षं बजेटमध्ये मागतेय, तीन वर्षं खडी जिंकतेय."
आणि माइक त्यालाच परत दिला.
घरी येताना मी तिच्याशी बोललो नाही.

एमिल ह्रुस्कानं दार उघडलं, पण जाळीचं बंदच ठेवलं.
त्याच्या पोराच्या रात्री
ती सकाळपर्यंत तिथे बसली होती,
निघताना कपबशा विसळून ठेवल्या होत्या.
ते त्याला आठवत होतं, मला दिसलं.
"तुला मत दिलं," तो म्हणाला, "तर तू परत येशील."
तिनं मान हलवली.
वहीत त्याच्या नावापुढे नाही लिहिलं,
मग त्याला विचारलं, पाइपलाइन गोठायच्या आत बघून घेतलीस ना?

ट्रूडी कोलस्टाड मात्र ते वाक्य ऐकून
इतकी हसली, इतकी हसली,
की डोळे पुसत आत गेली
आणि चोकचेरी जॅमची बाटली घेऊन आली.
"मत तुलाच. अजून चार वर्षं
अशीच रिकाम्या हातानं ये."
बाटली मी डॅशबोर्डवर ठेवली.

फोन रात्री सव्वादहाला आला.
मार्लिसनं पत्ता लिहून घेतला,
लिहिता लिहिता मध्येच थांबली,
मग घराचा नंबर पुरा केला.

वाटेत ती काही बोलली नाही.
त्या गेटाशी आलो तेव्हा
कोटावरचा बिल्ला काढून
तिनं बाटलीशेजारी ठेवला.
ओसरीवर दिवा होता.
दुपारचीच पायरी, दुपारचाच तो तुटका कठडा.
मी इंजिन बंद केलं.
ती चढून गेली, हात मोकळे.

दार उघडलं.
मी दुसरीकडे बघत राहिलो.